तार

वर्षाली गेटवरच्या यंत्रातून गेली आणि ते बोंबललं. तिला मागे घेऊन पुन्हा चालवलं, ते पुन्हा बोंबललं. पहिली शिफ्ट नुकतीच सुटली होती. मागे बायकांची रांग, शेजारी पुरुषांची, आणि बाहेर पिंपरीला जाणारी कंपनीची बस इंजिन चालू ठेवून उभी.

चाकणच्या या कंपनीत गाड्यांचं वायरिंग बनतं. तांब्याची तार चोरीला जायला लागली तेव्हा हे यंत्र बसलं. अंगावर तार सापडली की त्याच दिवशी कामावरून छुट्टी, असं साहेब सगळ्यांना ऐकवायचे. वर्षाली अजून ट्रेनी होती. दिवाळीपर्यंत बिनबोभाट काढलं तर ती पर्मनंट होणार होती.

गेटवरच्या गार्ड शालनबाई तिला पडद्यामागे घेऊन गेल्या. हातातलं छोटं यंत्र त्यांनी तिच्या अंगावरून फिरवलं. छातीपाशी ते वाजलं.

"नवी घेतलीस व्हय?" त्यांनी हळूच विचारलं.

वर्षालीने मान हलवली. दिवसभर उभ्याने काम करून तिचे खांदे भरून यायचे, पट्ट्यांचे वळ उठायचे. कंपनीच्याच डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, अंगाला नीट बसेल अशी घे, खाली तार असलेली, म्हणजे सगळा भार खांद्यावर येणार नाही. रविवारी पिंपरी कॅम्पात जाऊन तिने आयुष्यात पहिल्यांदा माप देऊन ब्रा घेतली. इतकी वर्षं ती लग्नाआधी आईने सांगितलेला नंबरच दुकानात सांगत आली होती. आज शिफ्टभर उभी राहूनही तिचा खांदा दुखला नाही. जेवणाच्या सुट्टीत तिने हे शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मिनलला सांगितलंही. मिनल खाली बघून डबा खात राहिली.

"काय निघालं?" सिक्युरिटीच्या साहेबांनी बाहेरून विचारलं.

"तार हाय, साहेब."

रांगेतली कुजबुज थांबली. वर्षालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती घाईने ओरडली, "कंपनीची नाही, माझी आहे."

पुरुषांच्या रांगेत कुणीतरी हसलं.

साहेबांना कळायचं ते कळलं होतं. तरी त्यांनी नियमच सांगितला, की कंपनीची तार कुठली आणि बाईची कुठली हे यंत्राला समजत नाही, तेव्हा ती काढून टेबलावर ठेवायची. शालनबाईंनी खिशातून कात्री काढली, शिवण उसवली आणि दोन वाकड्या तारा ओढून काढल्या. ही कात्री त्या रोज खिशात का ठेवतात, हे वर्षालीच्या तेव्हा डोक्यात आलं नाही.

ती पुन्हा यंत्रातून गेली. ते गप्प राहिलं. ब्रा सैल पडली होती आणि पट्ट्या खांद्यात रुतायला लागल्या होत्या. साहेबांनी पेनाने तारा उचलून पाहिल्या, टेबलाच्या खणात टाकल्या, उद्यापासून साधं घालून या म्हणाले आणि पुरुषांच्या रांगेकडे वळले. तांबं मालाच्या ट्रकमधून जातं हे कंपनीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला गेट बरं पडतं.

बसने हॉर्न दिला. वर्षाली हलली नाही. तिला राग आला होता, रडू येईल इतका.

"माझ्या तारा मला परत द्या," ती शालनबाईंना म्हणाली. "इथे नाही घालून येत. शिवून घेईन, घरी तरी घालीन."

शालनबाईंनी साहेबांची पाठ बघून खण ओढला. तो जड होता, मध्येच अडकला. त्यांनी हिसका दिला तेव्हा आतलं सगळं खळखळलं. खण तारांनी भरला होता. लहान, मोठ्या, एकीत एक अडकलेल्या, काही गंजलेल्या.

वर्षालीने वळून रांगेत पाहिलं. मिनल स्वतःच्या चपलांकडे बघत होती.

"घे तुझ्या शोधून," शालनबाई म्हणाल्या. "सगळ्या आपापल्या मापाच्या हायत."