समासातली ओळ

महिन्यापूर्वी हाती आलेल्या पत्राला तिने उत्तर दिलं नव्हतं. आज ती उत्तर घेऊन आली, तर पत्रच जागेवर नव्हतं.

तसं ते पत्र म्हणजे दोन-तीन ओळी. वाचनालयातल्या एका जाडजूड पुस्तकाच्या समासात कोणीतरी पेन्सिलीने लिहिलेल्या. ‘सगळं निरर्थक आहे, हे पटलं. मग उद्या सकाळी उठायचं कशासाठी? कोणी वाचत असेल तर लिहा.’ अक्षर केसासारखं बारीक. आता तिथे नुसता कागद होता, रबराने घासून घासून खरखरीत झालेला.

तिचं डोकं सणकलं. ती तरातरा ग्रंथपालांच्या टेबलापाशी गेली आणि पुस्तक उघडंच त्यांच्यापुढे आपटलं.

“हे कोणी पुसलं?”

म्हातारे ग्रंथपाल दचकले. त्यांचा आवाज समोरच्या माणसालाही धड ऐकू जात नसे. “मी,” ते पुटपुटले. “पुस्तकात लिहायचं नाही, असा नियम आहे.”

“खड्ड्यात गेला नियम!”

वर्तमानपत्रांमागून चार डोकी वर आली. तिचा आवाजच तसा होता. ती गाडी चालवायला शिकवायची, आणि शिकाऊ माणसांच्या कानाशी ‘ब्रेक, ब्रेक’ ओरडून तिचा गळा कायमचा रुंदावला होता. नवरा गेल्यापासून संध्याकाळी घरात बसवेना, म्हणून ती इथे येऊ लागली. ज्या कपाटापुढे कोणीच उभं नसतं ते तिने निवडलं. त्यात सगळी जगण्याचा अर्थ शोधणाऱ्या माणसांची पुस्तकं. ती पुस्तकं वाचतानाही ती शिकवताना चिडायची तशीच चिडायची. ‘अर्धं पुस्तक संपलं, हा गृहस्थ अजून खिडकीतच उभा! अरे बाबा, जरा आत जाऊन दूध उतू गेलं का ते तरी बघ.’ पण एकही पुस्तक तिने अर्ध्यावर सोडलं नव्हतं.

ती ओळ वाचल्यावर मात्र तिला चिडता आलं नाही. पुस्तक घरी नेलं, पेन घेऊन बसली, आणि तसंच परत आणून ठेवलं. आपण काय लिहिणार? कोणीतरी शिकलासवरला लिहील.

आज सकाळी चढावर एका शिकाऊ बाईने भीतीने दोन्ही हात सोडून डोळे गच्च मिटून घेतले. गाडी मागे घरंगळायला लागली. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. तिने तो दाबला. नेहमीसारखं ओरडायच्या ऐवजी ती म्हणाली, “धर परत. मी आहे ना.” आणि त्याच क्षणी तिला वाटलं, हे आपल्याला लिहिता येईल.

“त्या पानावर एक माणूस होता, काका,” ती म्हणाली. “चांगला जिताजागता. आणि तुम्ही त्याला डाग समजून घासून टाकलंत!”

“डागच होता तो.”

“वा! तुमची पुस्तकं स्वच्छ राहिली म्हणजे झालं! तो येऊन बघेल, तर पान कोरं. आणि मग त्याने जिवाचं काही बरंवाईट करून घेतलं म्हणजे?”

“तो बघत होता,” ग्रंथपाल म्हणाले. “रोज बघत होता. कोणीच काही लिहिलं नाही. म्हणून पुसलं.”

तिने पुस्तक आपल्याकडे ओढून घेतलं.

मग तिला टेबल दिसलं. ते रिकामं होतं. खुर्चीवरची गादी, चहाचा कप, चष्म्याचं घर, सगळं एका कापडी पिशवीत भरलेलं. पुस्तकांत डकवायच्या तारखेच्या चिठ्ठ्या तेवढ्या बाहेर होत्या. त्यांच्यावरचं अक्षर केसासारखं बारीक होतं.

“कुठे निघालात, काका?”

“कुठे नाही. उद्यापासून इथे दुसरं कोणी येईल.”

“आणि तुम्ही?”

पिशवीचे बंद त्यांनी ओढून घेतले, सोडले, पुन्हा ओढून घेतले.

तिचा राग गेला नाही. तो आता तिच्याच अंगावर आला होता. महिनाभर! हा माणूस रोज ते पान उघडत होता, आणि आपण पलीकडच्या टेबलाशी बसून पुस्तकांना नावं ठेवत होतो. तिने पर्समधून पेन काढलं.

“अहो, पेन नको,” ग्रंथपाल सवयीने पुढे झाले. “निदान पेन्सिलीने तरी...”

“गप्प बसा हो तुम्ही!”

खरखरीत झालेल्या जागेवरच तिने लिहिलं. दाबून, पानामागे उमटेल असं. पुस्तक मिटलं. टेबलाला लागून परतीच्या पुस्तकांची पेटी होती. वाचकाने या बाजूने फटीत टाकलेलं पुस्तक पलीकडे ग्रंथपालांच्या पायाशी पडायचं.

“आता पुसून दाखवा,” ती म्हणाली, आणि पुस्तक फटीत सोडून दिलं.

आत धप्प आवाज झाला. म्हातारा वाकला. बराच वेळ वर आला नाही. आला तेव्हा पान त्याच्यापुढे उघडं होतं आणि चष्मा कपाळावर गेला होता.

‘उद्या सकाळी सातला इथल्या फाटकाशी उभे राहा. तुम्हांला गाडी शिकवते. भिऊ नका, एक ब्रेक माझ्या पायाखाली असतो.’