सलूनमधली खुर्ची

एसटी स्टँडवर बाळ भुकेनं रडायला लागलं, म्हणून मी त्याला पदराखाली घेतलं. शेजारचा माणूस खेकसला, "हे काय घर आहे का तुमचं?" मी उठले. समोर दोघा भावांचं सलून होतं. थोरल्याला विचारलं, "दादा, इथं बसून बाळाला पाजू का?"

त्यानं अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक उठवलं, खुर्ची झटकून मला दिली आणि सगळ्यांना घेऊन बाहेर गेला. गालावरच्या फेसासकट ते गिऱ्हाईकच दाराकडे पाठ करून उभं राहिलं. आत येऊ पाहणाऱ्याला दटावत होतं, "थांबा जरा. बाळ जेवतंय."

बाळानं ढेकर दिला, तेव्हा कुठे माझे डोळे वाहिले.

आठ महिन्यांनी दोन गाड्या बदलून मी त्याच दारात गेले. "दादा, बाळाचं जावळ काढायचंय."

थोरल्यानं ओळखलं. हसून म्हणाला, "जावळाला मामाची मांडी लागते, ताई. मामा कुठाय?"

"तुम्हीच की."

त्यानं मग वस्तरा धाकट्याच्या हातात दिला आणि बाळाला मांडीवर घेऊन त्याच खुर्चीत बसला.