वजन की शब्द

चष्मा घरी विसरले म्हणून अर्धशिशीच्या दवाखान्यातला फॉर्म नवऱ्याने भरला. आत गेल्यावर डॉक्टरांनी तो वाचून दाखवला. "डोकं दुखू नये म्हणून रोज घ्यायच्या दोन गोळ्या आहेत. एकीने वजन वाढू शकतं, दुसरीने बोलताना शब्द आठवेनासे होतात. तुम्ही दुसरीवर खूण केली आहे." मी कोर्टात दुभाषी. वीस वर्षं लोकांच्या तोंडचा शब्द न शब्द सांभाळून पोट भरते. नवऱ्याकडे पाहिलं. तो खुशाल हसला. "काय बिघडलं? जाड झालीस तर चारचौघांत लाज मलाच. आणि तशीही जास्तच बोलतेस." आंबट पाणी घशाशी आलं, मी तोंडावर हात धरला. एरवी हे पाणी डोकं ठणकायला लागल्यावर येतं. डॉक्टरांनी घाईने बादली पुढे सरकवली. "डोकं दुखतंय का?" "अजिबात नाही," मी म्हणाले. "कोरा फॉर्म द्या. वाचून तुम्ही दाखवा. आणि ह्यांना बाहेर बसवा."