मान हलली तर

वेल्डरबाईंच्या मानेचा झटका असा, की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची ती थेट शेजारच्या गावात उतरायची. एका हातात रॉडची पकड, दुसऱ्यात लोखंड. मग कपाळावरचं हेल्मेट तोंडावर पाडायला उरते ती मानच. आता मणके कुरकुरायला लागले होते. डॉक्टर म्हणाले, झटका थांबवा, नाहीतर काम. फिटर नवऱ्याने निकाल देऊन टाकला होता: नव्या हेल्मेटमध्येही मान हलली, तर काम बंद.

म्हणून दोघं दुकानाच्या मागच्या अंगणात उभी होती. ठिणगी पडताच आपोआप काळी होणारी काच बघायला. दुकानदाराने ठिणगी हेरणारे दोन सेन्सरवालं काढलं. एका सेन्सरसमोर पाइप आडवा आला की उरलेल्या एकाच्या भरवशावर मी डोळे टाकू का, असं विचारत बाईंनी चारवालं उचललं. ते हलकंही निघालं.

हेल्मेट आधीच तोंडावर होतं, तरी सगळं लख्ख दिसत होतं. जन्मभर त्यांनी सुरुवात काळ्या काचेमागच्या अंधारात, अंदाजाने केली होती. आज रॉडचं टोक टेबलावरच्या दोन पट्ट्यांच्या सांध्यावर उतरताना दिसलं, आणि बाई अशा हरखल्या की मान सवयीने झटकलीच. हनुवटी छातीवर, रॉड भलतीकडे, आणि दुकानदाराच्या लोखंडी स्टुलाचा पाय लोखंडी टेबलाला चिकटला. तो पाठ करून स्टुलावर बसला होता, म्हणून डोळे वाचले. उठायचं मात्र त्याला सुचेना.

"झालं," नवरा म्हणाला. "चल घरी."

"अहो, एकदाच. तुम्ही मान धरा माझी."

त्याने कुरकुरत तिच्या मानेवर तळवा ठेवला, तोंड फिरवलं, डोळे गच्च मिटले. रॉड चरचरायला लागला. तळव्याखाली मान आधी दावं ओढणाऱ्या वासरासारखी थरथरली. मग हळूहळू शांत झाली. हेल्मेटच्या आतून बाईंचं हसू ऐकू येत होतं. रॉड संपेपर्यंत ते थांबलं नाही.

हेल्मेट वर करून त्यांनी विचारलं, "हलली?"

तळवा तिथेच ठेवून तो स्टुलावरच्या दुकानदाराकडे वळला.

"तसलंच अजून एक काढा. ही पुन्हा रॉड लावेल तेव्हा मला बघायचंय."