हाडाची भर

पायरियाने रंजनाचे पुढचे दात तिशीतच हलायला लागले होते. पनवेलच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिरडीखालचं हाड झिजलंय. हिरडी उघडून तिथे हाड भरू, म्हणजे दात वाचतील." ही १९९३ सालची गोष्ट, रंजनाच्या सुकापूर गावात असलं काही कोणी ऐकलंही नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी सासू चांगुणाबाई न बोलावताच बरोबर निघाल्या. "दात काडून टाक, माजे कदीच गेले," असं महिनाभर ऐकवणारी ही बाई आता दवाखान्यातही घोळ घालणार, अशी रंजनाला धास्ती होती.

रंजना खुर्चीत बसली, तशी सासूही मागोमाग आत आली आणि स्वतःच्या नडगीवर थाप मारून म्हणाली, "बाय, हाड माज्या पायाचं घ्या. पोरीचं काडू नका, तिला अजून लय चालायचं हाय."

डॉक्टरीणबाईंनी पांढऱ्या भुकटीची बाटली दाखवली. "आजी, हे कारखान्यात बनवलेलं हाड आहे. कोणाचंच काढायचं नाही."

चांगुणाबाईंनी बाटली निरखून पाहिली आणि मोठा सुस्कारा सोडला.

"मंग आता मी चाय प्याले तर चालंल ना? आपरेशनसाठी रातीपास्नं पोटात कायच घेतलं नाय."