साठ की आठ

सेटमधून आवाज आला. महादेवरावांनी मान पुढे काढून तो कसाबसा झेलला.

"आठ," ते म्हणाले.

शेजारच्या सीटवर सेट दुरुस्त करणारी सोनिका बसली होती. वर्कशॉपच्या आवारात उभ्या ॲम्ब्युलन्सचं इंजिन घरघरत होतं आणि वायरलेस सेटमधून डासाच्या गुणगुणीसारखा एक बारीक सूर अखंड चालू होता. तिने माइकचं बटण दाबलं. "प्रेमिलाताई, काय म्हटलं होतं तुम्ही?"

रामदासपेठेतल्या हॉस्पिटलच्या कंट्रोल रूममधून प्रेमिलाबाई आता ओरडल्याच. "साठ! सहावर शून्य! त्या दिवशी बी हेच झालं न वं. आन् आटपा लवकर, मी हिटरवर चहाचं दूध ठेवून राहिली."

महादेवराव खिडकीबाहेर पाहू लागले. कळमन्याच्या बाजाराकडे संत्र्यांचे ट्रक चालले होते. त्या दिवशी प्लॉट नंबर साठच्या आजीला छातीत कळ आली होती आणि ते प्लॉट नंबर आठची घंटी वाजवत उभे होते. आजी वाचली. पण तिचा मुलगा हॉस्पिटलात येऊन जे बोलला, ते मात्र महादेवरावांना अगदी स्वच्छ ऐकू आलं होतं. आज सकाळी मॅनेजरने निकालच लावला. आधी सेट दाखवून या. सेटमध्ये दोष नसला, तर चार वाजता कानाचे डॉक्टर. कान नापास झाले, की गाडीची किल्ली दुसऱ्या ड्रायव्हरकडे, धर्मेंद्रकडे.

"सेट तर नवाच हाय," महादेवराव म्हणाले. "उन्हाळ्यात तूच बसवला. माह्या कानाचंच समज आता."

"मलापण आठच ऐकू आलं, काका."

त्यांनी वळून पाहिलं. फिजिक्स शिकलेली ही पोर आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलते आहे, की खरंच?

"ॲक्सिलरेटर दाबा," ती म्हणाली.

त्यांनी दाबला. सूर चढला. पाय सोडला, तसा उतरला.

"पाहा. तुमच्या पायाच्या तालावर गाऊन राहिला. म्हणजे हा हवेतून येत नाही. गाडीची बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर असतो ना, त्याचा आवाज आहे, वायरीतून सेटमध्ये शिरतो. माणसाचा 'स' पण असाच बारीक असतो. या सुरात तो बुडतो. मग साठमधून उरतं काय?"

"पण मॅनेजर म्हणते, वायरलेस म्हटलं का खरखर राहतेच."

"खरखर वेगळी. ही शिटी आहे. आणि उन्हाळ्यात ही नव्हती."

इंजिन बंद करायला सांगून ती खाली उतरली. सेटची काळी वायर बोटाने धरत धरत दारापाशी गेली. तिथे एका बोल्टने ती गाडीच्या पत्र्याला जोडलेली होती. तिने मीटरची एक सुई वायरीला लावली, दुसरी पत्र्यातल्या एका उघड्या स्क्रूला. जोड पक्का असता तर मीटरने टुंईंऽ करायला हवं होतं. ते मुकं राहिलं. तिने वाकून बोल्टकडे पाहिलं आणि तशीच वाकलेली राहून विचारलं, "काका, हा बोल्ट कोणी उघडला?"

"मीच."

"काहून?"

"काहून म्हणजे? दसरा होता न! पूजेच्या गाडीचा असा गंजका कोपरा ठेवतेत काय? बोल्ट काढला, रंगाचे दोन हात मारले, वाळू देला, आन् बोल्ट होता तसा कसून बसवला."

"रंगावर?"

"मंग काय रंगाखाली बसवू?"

सोनिकाला हसू आवरेना. बंपरवरचं झेंडूचं तोरण सुकून गेलं होतं, पण गाडी अजून दुधासारखी पांढरी होती. कुठे ब्रशचा एक ओघळसुद्धा नव्हता.

"काका, सेटमधली वीज परत जाते ती या लोखंडातून," ती म्हणाली. "तुम्ही तिच्या दारावर रंग दिला. आता ती भलत्या वाटेनं फिरते आणि येताना अल्टरनेटरचं गाणं घेऊन येते."

महादेवराव उतरले. त्या कोपऱ्यावरून त्यांनी हात फिरवला. सोनिकाने बोल्ट काढला आणि पिशवीतून पॉलिश पेपरचा तुकडा काढला, तेव्हा ते पुढे झाले.

"दे इकडं. लावला मी, काढतो बी मीच."

ते घासत राहिले. पांढरी भुकटी त्यांच्या खाकी बाहीवर पडली. कुंकवाच्या टिकल्याएवढं लोखंड उघडं पडून चमकलं, तेव्हा कुठे ते थांबले. तिने वायर बसवली, बोल्ट आवळला आणि पुन्हा गंज चढू नये म्हणून वरून ग्रीसचं बोट फिरवलं. या वेळी मीटर बोललं.

इंजिन सुरू झालं. महादेवरावांनी न सांगता ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन गरजलं, पण सेट गप्पच.

"ताई, एखादा नंबर सांगा," सोनिका माइकमध्ये म्हणाली. "हळूच सांगा."

"हळू? त्यायले?" प्रेमिलाबाई हसल्या. मग जवळजवळ पुटपुटल्याच, "सदुसष्ट."

"सदुसष्ट," महादेवराव म्हणाले.

सोनिकाने ते तिकडे कळवलं. "अगं बाई!" प्रेमिलाबाई म्हणाल्या. "थांब, आता अजून अवघड सांगते. प्लॉट नंबर…"

त्या बटण दाबूनच आकडा शोधत होत्या. महादेवरावांनी भुवया वर केल्या, मान जराशी कलती केली. सेट मोकळा होताच त्यांनी सोनिकाच्या हातून माइक घेतला.

"प्रेमिलाबाई, दूध उतू जाऊन राहिलं तुमचं."

सोनिकाने सेटकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

महादेवराव स्टिअरिंगवर हात ठेवून वाट पाहत राहिले. मग सेटमधून धाप लागलेला आवाज आला.

"अर्धं वाचलं, भाऊ."