मास्तरांचा खुबा

"आधी तू जा," मास्तर म्हणाले. "तुला काही झालं नाही, तर मग मी."

एक्स-रेच्या खोलीबाहेरच्या बाकावर ते काठीला धरून बसले होते. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने, म्हणजे शिवणबाईंनी, कपाळावर हात मारला. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस. पण नवं औषध असो की नवा दवाखाना, बायकोला पुढे केल्याशिवाय पाऊल टाकायचा नाही.

"अहो, फोटो काढतात, फासावर नाही चढवत."

"मग जा की."

चारचौघांत तमाशा नको म्हणून बाई गेल्या. टेबलावर आडव्या झाल्या, सांगितलं तसे पाय आत वळवले आणि बाहेर आल्या. "बघा, जिवंत आहे." तेव्हा कुठे मास्तर लंगडत आत गेले.

दार लागलं तशा बाई पुन्हा अस्वस्थ झाल्या. बसवेना, उठवेना. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळायचा, सोडायचा.

खुब्याने मास्तरांना धरल्यापासून त्यांच्या जिवाला स्वस्थता नव्हती. घरातला बुटका सोफा त्यांनी शेजारणीला देऊन टाकला, उंच खुर्च्या आणल्या. पाय अडकू नये म्हणून सतरंज्या गुंडाळून माळ्यावर गेल्या. मास्तरांना मांडी घालायची बंदी झाली. आणि नवरा वर बसलेला असताना आपण खाली कसलं बसायचं, म्हणून बाईही काज-बटणं खुर्चीत बसून करू लागल्या.

व्यायाम तर दोघांचा. मास्तर एकटे पाय हलवतील तर शपथ! "तू कर, मी बघून करतो," म्हणायचे, आणि अर्ध्यातच पेपर उघडायचे. बाई मात्र पुरा करायच्या. दाखवणाऱ्याने कसूर केली तर बघणारा काय शिकणार?

व्यायाम शिकवणारी मुलगी एकदा म्हणाली, "खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात बोलतं, बरं का."

"ऐकलंत?" स्वतःच्या गुडघ्याला तेल चोळता चोळता बाई नवऱ्यावर डाफरल्या. "उगाच गुडघ्याला बोल लावत बसू नका."

"तुझाही दुखतो की."

"माझं सोडा. माझा मशीनच्या पायट्याने झिजलाय."

काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात धरायची असते, हेही त्या मुलीने बजावलं होतं. पण मास्तरांची काठी आज या हातात, तर उद्या त्या. बाई ओरडून ओरडून थकल्या.

एवढं करून ऑपरेशनचं नाव काढलं की मास्तर कानावर हात ठेवायचे. उद्या हा माणूस अंथरुणाला खिळला तर? त्या धास्तीने बाईंच्या हातून परवा एका ब्लाउजला दोन्ही बाह्या उजव्याच लागल्या होत्या.

सर्जनने दोघांना आत बोलावलं. पडद्यावर फोटो लावला आणि पेन्सिलीचं टोक एका जागी टेकवलं.

"इथली गादी संपलीय. हाडावर हाड घासतंय. व्यायामाने, जपण्याने थोडा वेळ मिळाला. आता नवा सांधा बसवावा, असं माझं मत."

मास्तर जमिनीकडे बघत होते.

"चालतंय तोवर चालवावं म्हणतो," ते पुटपुटले.

"चालतंय कुठे? फरफटतंय!" बाई उसळल्या.

"या वयात चिरफाड..."

"मग काय चितेवर जायच्या आदल्या दिवशी करायची?"

"आणि घराचं काय?"

"घर कुठे पळून जातंय? घरात दुसरं माणूस आहे ना? का त्याचे हात केळी खायला गेलेत?"

सर्जनने हसू दाबलं. मास्तर हळूच म्हणाले, "भीती वाटते गं."

बाईंचा आवाज एकदम उतरला. "वाटणारच. मलाही वाटली असती. पण भीतीपायी रोज थोडं थोडं लुळं व्हायचं, हा कुठला शहाणपणा? दुसऱ्याच्या जिवाला घोर लावून ठेवायचा आणि वर म्हणायचं, माझं सोडा! शोभतं का?"

"तर मग होकार समजू?" सर्जनने विचारलं.

"समजा. आता माघार घेणाऱ्याला मी घरात नाही घ्यायची. शब्द आहे माझा."

"ऐकलंत ना, मास्तर?"

"शब्दन् शब्द," मास्तर म्हणाले.

"छान," सर्जन खुर्ची वळवून म्हणाले. "कारण बाई, हा फोटो तुमचा आहे."

मास्तरांनी काठी टेबलाला टेकवून ठेवली, बायकोच्या खुर्चीसमोर आरामात उकिडवे बसले आणि तिच्या पायातून निसटलेली चप्पल सरळ करून दिली.